एका फळीपुरता मयत

मी, खाली सही करणारा, होडीवाल्या मिस्त्रींचा धाकटा मुलगा, वय तेवीस, धंदा उंच इमारतींचं सेंट्रिंग, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी केलेलं नाही. दबाव कुणाचा नाही. खोलीतला क्रेनवाला शेजारी बसून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतोय, तो दबाव धरू नये.

तब्येत ठणठणीत असताना हे कशाला, तर ऐका. घरामागच्या शेडमध्ये आमची जुनी, छोटी शिडाची होडी ठोकळ्यांवर उभी आहे. मागच्या सुट्टीत तिच्या डाव्या कुशीतली सडकी फळी मी काढली, नवी तासून तयार केली, आणि बसवणार तेवढ्यात इकडून, कामावरून, बोलावणं आलं. आता घरी जाण्याइतकी सुट्टी मिळत नाही. आणि आमच्या घरात नियम असा, की एकाने उघडलेलं काम दुसऱ्याने मिटायचं नाही. ताई फोनवर सांगते, बाकीच्या फळ्या वाळून फटी पडायला लागल्यात, आणि दादाला शेडमध्ये गाडी लावायची आहे. अजून एक उन्हाळा असाच गेला तर होडीचं सरपण होईल.

ताई बाबांना म्हणाली, "मी घालते ना फळी. येतं मला."

"येतं ते माहितेय. ज्यानं उघडलं तो येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर मेला समजू. मग घाल."

बाबा बोललेलं फिरवत नाहीत. म्हणून मी असं ठरवलं:

१. त्या फळीपुरता मी आजपासून मयत आहे. रडारड नको. बाकी सगळ्या बाबतींत मी जिवंत असून माझी खाट कुणी बळकावू नये.

२. होडी, डोलकाठी, शीड आणि छपराला टांगलेली नवी फळी ताईला. (काकूने त्या फळीवर वाळत घातलेले टॉवेल आधी काढावेत.) ताई सुकाणूवर बसली की होडी सरळ जाते. मी बसलो की होडीला माझ्यासारख्याच दहा वाटा सुचतात.

३. मी केलेल्या सुधारणा मोडू नयेत. मी सातवीत शाळा सोडली. पुढे शाळेने मोडके बाक विकायला काढले, त्यातला एक आणून होडीत बसायला केला. शाळेतलं तेवढंच माझ्या कामी आलं. त्यावर कर्कटकाने कोरलेला बदाम आहे, तो रंधा मारून काढू नये आणि कुणाचा म्हणून विचारूही नये. बाकाखालच्या कप्प्याचं झाकण डावीकडून उचलावं. उजवी बिजागरी मी घाईत बसवली आहे.

४. रंधे, करवती, शिकंजे ताईला. आतेभावाने माझ्या रुंद पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. ती पटाशी त्यालाच देतो. धार लावून मिळणार नाही.

५. दादाला शेडची जागा, पण होडी पाण्यात गेल्यावर. तो तिला तरंगता खोका म्हणतो. पहिल्या फेरीला त्याला पुढे बसवावं आणि भिजू द्यावं.

६. बाबांना देण्यासारखं माझ्याकडे त्यांचंच आहे. हा हट्ट, तो साभार परत. फळी वाफ देऊन काढली की गार व्हायच्या आत वाकवून बसवावी लागते. एकट्या माणसाचं ते काम नाही. दुसरं टोक बाबांनी धरावं, सूचना न देता. जमलं तर.

७. स्क्रूंच्या डोक्यांवर लाकडी खुंट्या बसवून त्या सपाट तासाव्यात. मात्र सगळ्यात वरच्या रांगेतली, जिथे पाणी लागत नाही तिथली, शेवटची एक खुंटी ठोकू नये. भोक तसंच राहू द्यावं. ते माझं. म्हणजे तेवढं काम उघडं राहिलं, आणि उघडलं मी, तेव्हा घरच्या नियमाने मला यावंच लागेल.

सही: धाकटा

साक्षीदार १: क्रेनवाला. माझ्यासमोर सही केली. मयत इसम या वेळी केळं खात होता.

साक्षीदार २: मेसचा आचारी. वाचून दाखवलं, पटलं. होडी कधी बघायला मिळेल ते कळवावे.

ठिकाण: कामगारांची खोली, खिडकीजवळची खाट.
दिनांक: ११ फेब्रुवारी, साप्ताहिक सुट्टी, दुपार.