फिरकीचा तांब्या

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

पिंपळदरा, मुरुडजवळ,
जि. लातूर
२२ मे १९८३

तीर्थरूप अप्पांना,
जगदेवीचे शरणार्थ. इकडे आम्ही दोघं बरी आहोत. ऊन फार आहे, पण यंदा उन्हाची तक्रार करायला मला फुरसत मिळाली नाही.

‘घाई कशाची, येईन की पाणी प्यायला.’ मला सासरी लावून देताना मुखेडच्या स्टँडवर तुम्ही असं म्हणाला होतात. मोटार सुटायच्या बेतात होती, अव्वा पदरानं डोळे पुसत होती आणि तुम्ही खिडकीच्या गजाला धरून उभे होता. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आता चाळिशी उलटली. त्या बोलण्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे. पण आधी बातम्या सांगते. बातमी सांगणं मला सोपं जातं.

गुंडूनं कळवलं की आता तुमच्या डोळ्यांना अक्षर लागत नाही, पत्रं तोच वाचून दाखवतो. गुंडू, आत्याचं ऐक, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. अप्पांना गाळलेलं कळतं. बाजारच्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवायची, तेव्हा एक ओळ सुटली तरी गल्ल्यावरून ‘मागं ये’ असा आवाज यायचा. मला वाचायला तुम्हीच लावलंत. या पत्रात जे काही घडलं आहे त्याची सुरुवात तिथून आहे, म्हणून आठवण दिली.

तर पहिली बातमी. आमचा जिल्हा बदलला. मागच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला, मुरुडात पेढे वाटले. आमच्या गावात मात्र काही हललं नाही, कारण पाऊसच नव्हता. दिवाळीला विहिरींचे तळ दिसायला लागले. माघात बाया ओढ्यात झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. टँकर यायचा तो फाट्यावर थांबायचा. ओढ्याचा उतार इतका खराब की ड्रायव्हर पुढे चाक घालायला तयार नसायचा. घागर डोक्यावर घेऊन फाट्यापासून घरी येईपर्यंत त्यातलं किती पाणी अंगावर सांडतं, हे बाईलाच माहीत.

मी ग्रामपंचायतीत आहे हे तुमच्या कानावर आलं असेल. बाईसाठी जागा ठेवलेली असते, तिथं मला घेतलं. का घेतलं ते पुढे लिहिते. माझ्या आधी जी बाई होती तिच्या घरी रजिस्टर जायचं आणि सही होऊन परत यायचं. तसं ते माझ्याही दारात आलं. मी शिपायाला म्हटलं, चावडीतच राहू दे, मीच येते. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा बसायला कुठं द्यावं हेच कुणाला कळेना. शेवटी धान्याच्या पोत्यावर बसले.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, बोअरच्या अर्जाचं काय झालं. आमचे सरपंच भुजंगराव म्हणजे आमचे शेजारीच, तुम्ही त्यांना ओळखता. ते म्हणाले, कितीदा पाठवला, वरून उत्तरच येत नाही. मी विचारलं, कुठं पाठवला?

‘कुठं म्हंजे? उस्मानाबादला.’

जिल्हा होऊन अर्धं वर्ष उलटलं होतं, आणि आमचं गाव अजून जुन्या जिल्ह्याकडंच पाणी मागत होतं. मी म्हटलं, भुजंगराव, आपण आता लातूरचे. ते म्हणाले, ‘हाव, ठाऊक हाय. पर उस्मानाबादचा सायब वळखीचा हाय. लातुरात कोण वळखतं आपल्याला?’

हसू नका, अप्पा. निजामाचा हाली रुपया बंद झाल्यावरही तुम्ही कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाला हालीतच भाव सांगत होता.

मग मी लातूरला गेले. सोबत धोंडाबाई होती, म्हणजे भुजंगरावांचीच बायको. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, जगदेवीसंगं बांगड्या भरायला चालले. नव्या कचेरीत खात्यांची नावं दारांवर खडूनं लिहिलेली, टेबलं कमी आणि माणसं फार. आम्ही एका दारातून दुसऱ्या दारात जात राहिलो. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर तरुण होता, चांगलं बोलला. बोअरची गाडी द्यायला तयार होता, पण अडचण तीच. एवढी जड गाडी ओढा ओलांडणार कशी? आधी रस्ता करा, मग या, असं म्हणाला.

आमचं अर्धं गाव तेव्हा रोजगार हमीवर, मुरुडच्या पुढं खडी फोडायला जात होतं. मी म्हटलं, ते काम आमच्या रस्त्यावर द्या. तो म्हणाला, काम काढणं माझ्या हातात नाही, ते तहसीलकडं. एवढ्यात धोंडाबाई म्हणाली, ‘सायेब, दगड तर आमी तुमचेच फोडायलोत. तेवढे आमच्या वढ्यात टाकू द्या की.’ खोलीतले सगळे हसले, इंजिनिअरही. पण हसून झाल्यावर तो उठला आणि आम्हाला घेऊन स्वतः तहसीलमध्ये आला.

एका खेपेत काम झालं नाही. अनेक खेपा घातल्या. धोंडाबाईच्या बांगड्यांचं सोंग दुसऱ्याच खेपेला उघडं पडलं. भुजंगरावांनी तिच्याशी बोलणं सोडलं, तर ती म्हणाली, बरं झालं, कान निवांत झाले. पण रस्ता मंजूर झाला. ओढ्यात दगड पडला, वर मुरूम पडला, आमच्याच माणसांनी धुम्मस करून तो दाबला. मीही पाट्या उचलल्या. कामावरच्या बाया म्हणायच्या, मेंबरीणबाईला सोसवंल का. सोसवलं.

अप्पा, बोअरची गाडी ओढा चढून आली तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. लग्नाच्या वरातीलाही आमच्याकडं इतकी माणसं जमत नाहीत.

पाणी बघणाऱ्या साहेबानं जागा दाखवली ती आमच्या परसात. भुजंगरावांना ते पटेना. ते म्हणाले, आधी चावडीपुढं मारा. मारलं. तिथं फक्त धूळ निघाली, पांढरी, सगळ्यांच्या भुवयांवर बसली. साहेब माझ्याकडं बघायला लागले, कारण परसात गाडी न्यायची तर मागची भिंत आड येत होती. तुमचे जावई फार बोलत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी आतून पहार आणली आणि भिंतीचा पहिला दगड काढला. मग मला म्हणाले, ‘जागा पंचायतीला लिहून देऊ. मधी आडोसा ठेवायचा न्हाई.’ मी एकच अट घातली. वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या बाया एकाच रांगेत उभ्या राहतील. ती अट भुजंगरावांनी मान खाली घालून मान्य केली. नंतर त्यांनीच रांग लावली, हेही सांगायला हवं.

दुपारी पाणी लागलं. आधी धूळ, मग चिखल, मग गढूळ, मग इतकं स्वच्छ आणि इतक्या जोरानं की गाडीवरचा माणूस ओला होऊन ओरडत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. म्हाताऱ्या पाण्यात उभ्या राहिल्या. भुजंगरावांनी टोपी काढून पाण्याखाली धरली आणि तशीच निथळती डोक्यावर घातली. धोंडाबाई म्हणाली, ‘बोला आता माझ्याशी.’ ते बोलले.

आता तिथं हापसा बसला आहे. रस्ता झाला म्हणून एस.टी. गावात येते. फाट्यापासून चालावं लागत नाही. आठवड्यातून एकदा दवाखान्याची गाडीसुद्धा येऊन आमच्याच परसात उभी राहते, कारण बाया तिथंच भेटतात. तालुक्याचे लोक येऊन रस्ता बघून गेले. मला त्यांनी चार शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. बाजारच्या दिवशी पेपर वाचायची तशी, खणखणीत. त्या वेळी तुम्ही गल्ल्यावर बसून ऐकत आहात असं मला वाटत होतं.

एवढ्या बातम्या झाल्या. आता राहिलेलं.

मला पंचायतीत का घेतलं? भुजंगराव चावडीत म्हणाले होते, ‘जगदेवीबाईला घ्या. तिला लेकरंबाळं न्हाईत, तिला येळच येळ.’ ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. आमच्या गावात सगळेच तसं म्हणतात, जसं हवापाण्याबद्दल म्हणतात.

आणि स्टँडवरचं तुमचं बोलणं वर मी अर्धंच लिहिलं. गुंडू, इथं थांबू नकोस. पूर्ण वाक्य असं होतं: ‘घाई कशाची, येईन की पाणी प्यायला, पाळणा टांगलास की.’

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा नेम तुम्ही काढला नाही. तुमच्या वडिलांनी पाळला, त्यांच्या वडिलांनी पाळला. त्यांच्या लेकींच्या घरी वर्ष-दोन वर्षांत पाळणे टांगले गेले, म्हणून तो कुणाला जड गेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आला होता. फाट्यापासून उन्हात चालत आलात. खांद्याला फिरकीचा तांब्या होता, मुखेडहून भरून आणलेला, आणि तो वाटेतच संपला होता. हे मला तुमच्या ओठांवरून कळलं. मी गूळ आणि पाणी ओसरीवर आणून ठेवलं. तुम्ही म्हणालात, तहान नाही. मग म्हणालात, भुजंगरावाला भेटून येतो. मी दारात उभी होते, अप्पा. त्यांच्या ओसरीवर धोंडाबाईनं दिलेला तांब्या तुम्ही मान मागं टाकून एका दमात संपवलात. त्यांनी तुमचा फिरकीचा तांब्याही भरून दिला. आमच्या दारात परत आलात तेव्हा त्याचं झाकण तुमच्या हातून नीट बसत नव्हतं. शेवटी ते मीच फिरवून बसवलं, आणि त्याबद्दल कधी काही बोलले नाही. त्यानंतर तुम्ही आला नाहीत, आणि मुखेडला मीही आले ती फक्त अव्वा गेली तेव्हा.

धोंडाबाई म्हणते, हापसा करकरतो तो पाळणाच समज. तिचं माझ्यावर प्रेम आहे, पण मी तिला गप्प केलं. हापसा म्हणजे हापसा. त्याला मी लेकरू म्हणणार नाही. मला मूल झालं नाही, आणि आमच्या परसात पाणी आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भुजंगरावांनी एक तोड काढली आहे. हापसा जिल्हा परिषदेचा, जागा पंचायतीची, तेव्हा तुम्ही परसात येऊन तिथलं पाणी प्यायलात तर नेम मोडत नाही. सगळं गाव या तोडीवर खूश आहे. तुम्हालाही ती पटेल, आणि म्हणूनच आधी सांगून ठेवते. तसं पाणी मला तुम्हाला पाजायचं नाही. तिथं वाटसरू पितात, बैल पितात. माझे अप्पा तिथं ओंजळ धरून उभे राहिलेले मला बघायचे नाहीत.

मुखेडहून लातूरची गाडी धरा, लातूरला पिंपळदऱ्याची मिळेल. गुंडू सोबत येईल. ओसरीवर न थांबता आत या. रांजण चुलीच्या डाव्या बाजूला आहे. मी तांब्या भरून तुमच्या हातात देईन, तुम्ही तो संपवा. आमच्या घरात पाळणा टांगलेला नाही आणि टांगला जाणार नाही, हे मनात धरून प्या.

तुम्ही नाही म्हणाल. गुंडूकडून एक कार्ड येईल, डोळ्यांचं बरं नाही, उन्हाळा सरू दे. ते कार्ड मी जपून ठेवीन आणि मला राग येणार नाही. तरी मागते. एवढा मोठा जिल्हा माझं ऐकायला लागला, म्हणून तुमच्याकडं मागायचं धाडस आलं.

येताना तो फिरकीचा तांब्या आणा. रिकामा आणा.

तुमची लेक,
जिच्या घरी त्या दिवशीही पाणी होतं,
जगदेवी