राणीसाहेबांचा कावळा

शुक्र. ९ ऑगस्ट १९३५
हे तुंगार्लीच्या बंगल्यावरून भिजून चिंब होऊन आले. छत्री उलटी झालेली, तोंडावर मात्र दिवाळी. का, तर राणीसाहेबांना आज ‘ळ’ म्हणता आला. त्या पार गंगेकडच्या, त्यांच्या भाषेत ळ नाही. जूनपासून मराठी शिकताहेत, आज पहिल्यांदा ‘कावळा’ स्वच्छ म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.
मला ळ एका दिवसात आला होता. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.
लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. यांनीच शिकवलं. स्वयंपाकघरात पाटी मांडीवर घेऊन, माझा हात हातात धरून. आज ही वही लिहिते ती त्या हातामुळेच. म्हणून म्हणते, मला ठाऊक आहे हे कसे शिकवतात ते.

मंगळ. १३
मंगळवार-शुक्रवार, तुंगार्लीच्या दिवशी, धोतर इस्त्रीचं लागतं. म्युनिसिपल शाळेत पोरांपुढे चुरगळलेलं चालतं.
आज विचारलंच. ‘त्यांना पण हात धरून शिकवता का?’
‘वेडी आहेस,’ म्हणाले आणि टोपी घालून गेले.
वेडी आहेस म्हणजे हो का नाही? मास्तर माणूस, पोरानं असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभा केला असता.

शुक्र. १६
आज धडा लौकर संपला. राणीसाहेबांना धाप लागत होती म्हणे. घरी मी भजी तळली होती, यांनी दोनच खाल्ली. मला गेल्या महिन्यात आठ दिवस ताप होता तेव्हा शेजारच्या दु. काकूंनी पेज करून दिली. हे शाळेत.

मंगळ. २०
सकाळी बायजा गवळण दूध घालायला आली ती घागर खाली न ठेवताच उभी.
‘बाई, कायतरीच झालं वो. राणीसायब गेल्या.’
‘कुठं गेल्या?’
‘गेल्या म्हंजी गेल्या की. काल सांजंला दूद घालाया गेलते तवा खिडकीत हुब्या व्हत्या. हसल्या बी माज्याकडं बगून. आन् आज पाटं जाते तर फाटक बंद, मोटारी लय. मला आत सोडंनात.’
हे मागं उभे होते, हातात दाढीचा ब्रश. साबण तसाच वाळला तोंडावर.
बाराच्या आत इंद्रायणीच्या काठी दहनही झालं. राजेसाहेब विलायतेत. अग्नी धाकट्या दिरानं दिला. हे गेले होते. आल्यावर विहिरीवर अंघोळ केली आणि पान वाढलेलं असताना उठून गेले. माझ्या वडिलांचं कळलं तेव्हा पुरणपोळी दोनदा मागून घेतली होती यांनी.

गुरु. २२
गावात दुसरा विषय नाही. अठ्ठावीस वर्षांची बाई, पेपरात फोटो यायचे, स्वतः मोटार हाकत घाट उतरायची. ती एका रात्रीत संपते आणि राजधानीला न नेता इथंच घाईघाईनं जाळतात. लोक काय बोलायचे राहताहेत?
दु. काकू म्हणतात, धाकट्या दिराला गादी हवी, मसाल्याच्या दुधात हिऱ्याची पूड घातली. त्यांचे अण्णा स्टेशनात मालाच्या खिडकीवर आहेत. ते म्हणतात, आदल्या रात्री बड्या लोकांचा एक सलून डबा सायडिंगला उभा होता, कुणाचा ते कुणी सांगेना, तेव्हा यात गोऱ्या साहेबाचा हात. बाजारात म्हणतात, मेलीच नाही, केळीचा खांब जाळला, बाई बोटीत बसली. बायजा म्हणते थोरल्या सवतीनं करणी केली. फाटकाशी लिंबू तिनं ‘सोता’ पाहिलं.
एका बाईला मारायचं तरी किती जणांनी!
हे एकटे म्हणाले, ‘हृदय बंद पडलं असेल.’
‘तुम्हाला बरं तिच्या हृदयाची माहिती,’ मी म्हटलं.
ताटावरून उठले.
जिवंत होती तेव्हा निदान मंगळवार-शुक्रवारच होते. आता सातही वार तिचेच. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

शुक्र. २३
दु. काकूंकडे श्रावणातल्या शुक्रवारचं हळदीकुंकू. बसल्या सगळ्या तिचंच कौतुक करत. काय रंग, काय केस, पायाची नखंसुद्धा गुलाबी. कुणी पाहिली होती नखं? मला एकदम काय झालं कोण जाणे. म्हटलं, ‘नवरा बाराही महिने विलायतेत, एवढा मोठा बंगला, असा पाऊस. विष कुणी कशाला घालायला हवं? लपवण्याजोगं काही झालं की बाई आपलं आपण घेते.’
मग सगळ्यांचे डोळे असे लकाकले!
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. नखं गुलाबी म्हणे.

बुध. २८
दहावा. हे रजा काढून गेले. यांच्या धाकट्या भावाच्या मुंजीला यांना रजा मिळाली नव्हती.
पुढचं दु. काकूंनी सांगितलं, त्यांना अण्णांनी. पिंड मांडला. पाऊस धो धो. कावळ्याचा पत्ता नाही. दिवाण म्हणाले, दानधर्म करू. दीर म्हणाले, राजेसाहेबांना जपू. नाही. तुमच्या नावानं दवाखाना बांधू. नाही. मग गर्दीतून कुणी ओरडलं, ‘मारणाऱ्याला सोडणार नाही!’ तरी नाही. गर्दीत कुजबुज, की बघा, जीव अडकलाय, म्हणजे घात आहे. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला बसले.
‘आणि मग तुमचे मास्तर पुढं झाले,’ काकू म्हणाल्या. ‘वहाणा काढल्या. पिंडापाशी उकिडवे बसले आणि काही बोलले. दोनच शब्द हो! आणि झपकन कावळा!’
अण्णा आतून म्हणाले, ‘पाऊसही तेव्हाच थांबला होता म्हणा.’ काकूंना ते ऐकू आलं नाही.
दिवाण, दीर, अख्खं संस्थान तिष्ठत राहिलं. ती आली ती माझ्या नवऱ्याच्या शब्दाला.
घरी आल्यावर विचारलं, ‘काय बोललात?’
‘वाढ,’ म्हणाले.

शुक्र. ३०
पाचला सवयीनं छत्री घेऊन दारात गेले. उभे राहिले. छत्री पुन्हा खुंटीला. माझ्या पायाची आग मस्तकात गेली.
‘काय बोललात तिथं? एकदा सांगा म्हणजे सुटेन मी.’
‘त्यात तुझं काय गेलं?’
‘माझं काय गेलं? माझा नवरा गेला!’
मी भांडी घासायला बसले. घासलेलीच परत घासली.

मंगळ. ३ सप्टेंबर
गणपती बसले. दरवर्षी यांची शाळेतली पोरं आरतीला येतात, झांजा फोडतात. यंदा तिघंच. त्यातल्या एकानं सांगून टाकलं, फळ्यावर कुणी कावळा काढला होता, खाली लिहिलं होतं ‘मास्तर’. यांनी न बोलता पुसला आणि बेरजा घातल्या.
दु. काकूंकडे गेले, म्हटलं हे काय चाललंय? त्या म्हणाल्या, ‘आम्हाला काय विचारतेस? तूच नाही का म्हणालीस त्या शुक्रवारी? नवरा विलायतेत आणि लपवण्याजोगं काही. मग बंगल्यात जाणारं पुरुषमाणूस दुसरं होतं कोण? कावळ्यानं तर नंतर सांगितलं. घरच्या बाईनं आधीच.’
घरच्या बाईनं.
बाई गं. दगड मी तिच्यावर मारला होता.

शुक्र. ६
बायजा दूध मापताना म्हणाली, ‘बाई, लोक कायबी बोलत्यात. मी रोज जायाची तितं. मास्तर खुर्चीवं, राणीसायब समूर. दार सताड उगडं.’
‘हात धरून लिहायला शिकवताना पाहिलंस कधी?’
‘आता त्ये मी कशाला बगू? मला दुदाची घाई.’
घ्या. हिला फाटकावरचं लिंबू दिसतं, हे दिसत नाही!

बुध. ११
शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी यांना बोलावलं. वकील आहेत, गोड बोलतात. संस्थानाकडून विचारणा आली म्हणे. ‘मास्तर, घाटावर काय बोललात तेवढं सांगा. मी लोकांची तोंडं बंद करतो.’
हे म्हणाले, ‘ते माझं आणि गेलेल्या माणसाचं आहे.’
‘मग नोकरी आमची आहे,’ अध्यक्ष म्हणाले. सर्वपित्रीपर्यंत मुदत. नाहीतर राजीनामा. म्हणजे ही खोलीही सोडायची, शाळेचीच आहे.
मी म्हटलं, ‘अहो, दोन शब्दांसाठी नोकरी घालवता? एवढी लाडकी?’
माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘तू हळदीकुंकवाला काय बोललीस ते मला केव्हाच कळलंय.’
एवढंच. रागावले असते तर मीही दोन ऐकवली असती. उलट पानातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली.


सोम. १६
पंधरवडा सुरू. यांनी शाळेतलं आपलं घड्याळ, शब्दकोश घरी आणून ठेवला. मी विचारलं नाही. मनात मात्र तेच. नोकरी जाते याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त हे, की कशासाठी जाते ते तिला माहीत आणि मला नाही. हसतेय खिडकीत उभी राहून.

शनि. २१. अविधवा नवमी
सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून आज त्यांचं. खीर, वडे, अळूची भाजी, गवार. सवाष्ण म्हणून दरवर्षी दु. काकू जेवतात. सकाळीच निरोप आला, अंगात कणकण आहे. भिंतीपलीकडून खलबत्ता ऐकू येत होता चांगला. दुसऱ्या दोघींकडे गेले. एकीचा उपास निघाला, एकीनं दारच उघडलं नाही. सवाष्णीचं पान वाढलेलं तसंच पडलं. वर हळदकुंकवाची बोटं, खण.
परसात सासूबाईंचं पान ठेवलं. कावळा लगेच आला. त्यांना काही मागायचं नसे कधी.
आत येऊन त्या दुसऱ्या पानाकडे बघत बसले. एकदम डोक्यात आलं, सवाष्ण तर तीही गेली. तिचं आज कोण घालणार? वर्षाच्या आत घालत नाहीत म्हणे. पण मी कुठं तिची कुणी लागते?
उचललं पान आणि परसात नेऊन ठेवलं. कावळा कुंपणावर बसून राहिला. बघतोय, पण येत नाही.
मी म्हटलं, ‘खीर आहे. वेलदोडा घातलाय.’ नाही आला.
म्हटलं, ‘त्या दिवशी बोलले ते चुकले. तुझ्या अब्रूवर मी डाग लावला. दु. काकूंच्या दारात जाऊन सगळ्यांपुढं सांगेन.’ मान तिरकी केली मेल्यानं. नाही आला.
‘मग काय हवंय तुला? नवरा हवाय? तो नाही देणार!’ ओरडलेच. भिंतीपलीकडचा खलबत्ता थांबला.
मग रडू आलं. खूप आलं. रडता रडताच तोंडातून गेलं, ‘बरं बाई. ते जे काय तुम्हा दोघांत बोलणं झालं ते तुझं तुझ्यापाशी. मी त्यांना पुन्हा कधी विचारणार नाही. शब्द देते.’
आला. सरळ खिरीत चोच.
पदरानं तोंड पुसतेय तो मागं हे. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली, मला भान नव्हतं. केव्हापासून उभे होते ते देव जाणे.
‘दुसरं पान कुणाचं?’
‘तिचं,’ म्हटलं.
कावळा वडा घेऊन उडाला. मग हे आत आले, टोपी काढली, पाटावर बसले. मी पान वाढायला घेतलं. माझा हात धरला. मनगटापाशी. लग्नाच्या नव्या नव्यात पाटीवर धरायचे तसा.
म्हणाले, ‘कमिटीला नाही सांगितलं, सांगणारही नाही. पण तुला सांगतो. काय बोललो तिथं, हात धरून शिकवलं का, तुझं जे असेल ते. एकदा विचार. आज विचार.’
सवा महिना मी याच्यासाठी जळत होते.
परसात कुंपणावर कावळा परत येऊन बसलेला, दारातून सरळ दिसत होता.
मी म्हटलं, ‘वडे गार होताहेत.’
यांनी हात सोडला नाही. विचारण्याची वाट बघत होते.
मी डाव्या हातानं खीर वाढली.