पाचशे नंबरची पुडी

ती. आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय. हे पत्र लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर लिहितोय आणि टेबल बुटकं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? कोर्टाचा जिना चढताना कठड्याला धरतेस ना, की अजून पक्षकारांसमोर रुबाब म्हणून तशीच चढतेस? आतोबांचा खोकला गेला असेल तर बरंच, नसेल तर त्यांना सांग की निदान माझी आठवण काढून तरी खोकू नका. इकडे आई बरी आहे. वडील माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे तेही नेहमीसारखे ठणठणीत आहेत. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तर फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि तिसऱ्याला ठेवून देतेस. पत्र असं मधेच ठेवून देता येत नाही. (येतं, पण तू उत्सुक बाई आहेस.)

तर आधी अभिमानाची बातमी. तुझा भाचा पेपरात छापून आला! आठवी दोनदा केलेला, मास्तरांनी "याचं अक्षर डॉक्टरलाही लागणार नाही" म्हणून सांगितलेला हा मुलगा, पान सहा, वाचकांचा पत्रव्यवहार, वरून दुसरा. आमच्याकडे पद्धत अशी आहे की सकाळी इस्त्र्या तापेपर्यंत मी पेपर मोठ्याने वाचायचा आणि मालकांनी शिक्षा सुनावायच्या. चोर असला की हात तोडा, लाच खाणारा असला की भर चौकात उभा करा, आणि परवा एकाने शेजाऱ्याची कुंडी पळवली तर त्यालाही तीन वर्षं. (मालकांच्या स्वतःच्या गॅलरीतली कुंडी गेली होती, म्हणून.) गेला महिनाभर त्या नव्या कायद्याची बातमी चालली आहे ना, नशेची पुडी कुणाजवळही सापडली, चिमूटभर का असेना, की सरळ दहा वर्षं आणि जामीन नाही, त्यावर तर मालक इतके खूश की दहाचीही त्यांना कंजुषी वाटली. मग मलाही चेव आला. मी पत्रात लिहिलं की पुडी असो की पोतं, सगळ्यांना एकच शिक्षा पाहिजे, पहिलीच वेळ होती, चूक झाली, गंमत केली, असली कारणं कुणी ऐकूनच घेऊ नयेत, आणि अशा लोकांना आमच्या लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये घालून अर्धा तास फिरवावं. ड्रायरचं वाक्य त्यांनी ठळक छापलं. मी ते कात्रण काउंटरमागे चिकटवलं. गिऱ्हाईकं बिल सोडून तेच वाचायची. एक बाई म्हणाल्या, "तुझ्यासारखी चार मुलं असती तर देश सुधारला असता." मी म्हटलं, घरच्यांचं म्हणणं आहे की एकच पुष्कळ झाला.

मालकांना हे सोसलं नाही. आत्या, पंचवीस वर्षं शिक्षा ते सुनावतायत आणि नाव छापून आलं माझं! दोन दिवस ते माझ्याशी फक्त बोटांनी बोलले. (एक बोट म्हणजे शर्ट, दोन म्हणजे पँट.) आणि त्यांचा हा फुगलेला चेहरा बघून मला जी बुद्धी सुचली ती सुचायला नको होती, हे मी पत्राच्या मध्यावरच कबूल करून टाकतो, म्हणजे शेवटी वेळ जाणार नाही.

आमच्याकडे मशीनमध्ये कपडा टाकण्याआधी खिसे तपासतात. जे निघेल ते, किल्ली, तिकीट, कवळीसुद्धा, एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचं आणि त्याला बिलाच्या नंबरची चिठ्ठी लावायची. संध्याकाळी मालक स्वतः डबा उघडतात आणि बिलबुकात नंबर बघून ज्याचं त्याला कळवतात. तर मी काय केलं, खळीची पांढरी पावडर घेतली, ऐटीत एक छोटी पुडी बांधली, तिला ५०० नंबरची चिठ्ठी लावली आणि सकाळीच डब्यात टाकून दिली. बिलबुक तेव्हा ४६३ वर होतं. दिवसाला आमची वीस बिलं होतात, म्हणजे पाचशे नंबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळशिवाय लागत नाही. संध्याकाळी मालकांना पुडी सापडणार, ते आनंदाने थरथरत बिलबुक उघडणार आणि त्यात पाचशे नंबरचा माणूसच नसणार! रात्रभर गुन्हेगार शोधत बसले असते, आणि सकाळी पेपर वाचताना मी त्यांना सांगितलं असतं. एवढीच गंमत होती, आत्या. हिशोब पक्का होता.

पण मी इस्त्रीचे कपडे पोचवायला सायकलवर बाहेर पडलो आणि मागे एका शाळेच्या बँडचे गणवेश आले. छत्तीस. आणि आमचे मालक म्हणजे नियमाचे एवढे पक्के की एका गठ्ठ्याला एक बिल करत नाहीत, ज्याचा कपडा त्याचं बिल. ढोलवाल्याचं वेगळं, बासरीवाल्याचं वेगळं. छत्तीस बिलं फाडली आणि चारशे नव्याण्णव झाले. त्यानंतर काउंटरवर कोण आलं असेल? वरच्या खोलीत राहणाऱ्या सिस्टर.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका. त्या कधी पाच मिनिटं उशिरा गेल्या नाहीत की कुणाला एक शब्द गोड बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी इस्त्रीने माझा हात भाजला तेव्हा त्यांनी आठ दिवस रोज खाली येऊन पट्टी बदलली आणि रोज एकच म्हणाल्या, "हात दुखतोय तोवर तरी गल्ली सुखात आहे." तर त्या दिवशी त्यांनी पांढरा कोट धुवायला टाकला. बिल नंबर पाचशे.

मी परत आलो तेव्हा दुकानासमोर ही गर्दी. बँडवाल्यांच्या खिशांतून निघालेलं ठेवायला मालकांनी डबा दुपारीच उघडला होता. त्यांनी आधी पेपरच्या ऑफिसात फोन केला, फोटो घ्यायला माणूस कधी येईल ते विचारलं, आणि मग चौकीत केला. सिस्टरांना हवालदार घेऊनही गेले होते. मालक कंगव्याने केस विंचरत मला म्हणाले, "बघ, लिहिणं सोपं असतं. पकडून दाखवायला लागतं."

आत्या, मी एरवी पळून जातो हे तुला माहीत आहे. या वेळी सायकल वळवली ती चौकीकडेच वळवली. याची नोंद कुणीतरी घ्यावी, म्हणून लिहिलं.

चौकीत सिस्टर बाकावर ताठ बसल्या होत्या. टेबलावर उघडी पुडी, आणि हवालदार खोळंबलेले, कारण सील करायची लाख संपली होती आणि ती आणायला माणूस गेला होता. मी सगळं सांगितलं, खळ, चिठ्ठी, बँड, ढोलवाला, बासरीवाला. हवालदारांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तूच ना तो ड्रायरवाला? मी स्वतः ते पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवलंय. गंमत केली हे कारण ऐकून घेऊ नका, असं तूच लिहिलंयस. मग मी कसं ऐकून घेऊ?" मी म्हटलं, साहेब, ही नुसती खळ आहे. ते म्हणाले, ते प्रयोगशाळा ठरवेल. मी विचारलं, किती दिवसांत? म्हणाले, "दोन महिने. जोरात काम असलं तर तीन. तोवर बाई आत."

सिस्टर माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांचं लक्ष कोठडीतल्या माणसाकडे होतं. रंगारी होता, तिशीचा असेल, नखांत निळा रंग, गुडघे पोटाशी घेऊन थरथर कापत होता. त्याच्याजवळची पुडी मात्र खरी होती. सिस्टर स्वतः दहा वर्षांच्या दारात बसलेल्या, आणि हवालदारांवर खेकसल्या, "याला पाणी द्या आधी. आणि कांबळं. आणि डॉक्टरला बोलवा, हा माणूस आजारी आहे, तुम्हाला दिसत नाही?" हवालदार गडी उठलाच, आत्या! त्या आवाजाला वॉर्डातली खाटसुद्धा उठेल. मला वाटलं आपणही काहीतरी बोलावं, म्हणून मी गजांशी जाऊन त्या रंगाऱ्याला खरं ते सांगितलं, की तुम्हाला ड्रायरमध्ये घाला असं पेपरात लिहिणारा तो मीच. तो दात वाजवत म्हणाला, "आत गरम असतं का?" मी म्हटलं, असतं. म्हणाला, "मग घाल बाबा. लवकर घाल."

आता तुला माझं मत सांगतो, कारण मतांच्या बाबतीत मी आता छापील माणूस आहे. पोत्यावाल्याला दहा काय, वीस वर्षं घाला, माझी हरकत नाही. ज्याने त्या रंगाऱ्याला पहिली पुडी फुकट दिली त्याला तर मी अजूनही ड्रायर सोडत नाही. पण त्या चौकीत एका कायद्याखाली तीन जण बसले होते, एक आजारी माणूस, त्याला पांघरूण मागणारी बाई, आणि मी, आणि तिघांत खरा गुन्हा केलेला एकटा बाहेर उभा होता. पोतं विकणारा तर तिथे नव्हताच. तो कुठेतरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून फिरत असणार. (आमच्याचकडून करून घेतला असेल तर देव जाणे.) लाँड्रीत आम्ही रेशीम आणि गोणपाट एका पाण्यात टाकत नाही. मग एवढं मोठं सरकार माणसं एकाच पाण्यात कशी टाकतं? हे मी पेपरला लिहूनही पाठवलंय. अजून छापलं नाही. यात ड्रायर नाही ना.

तर पुढे. लाख घेऊन येणारा माणूस मला खिडकीतून दिसला. एकदा सील झालं की दोन महिने. मी काही विचार केला असं खोटं सांगणार नाही. टेबलावरची पुडी उचलली, अख्खी तोंडात टाकली, आणि हवालदारांचाच चहा वरून ओतला. हवालदार ओरडले, "अरे, पुरावा!" मी म्हटलं, पुरावाच आहे, बघत बसा. आता ही नशा असेल तर मी पडेन, आणि खळ असेल तर उभा राहीन. मग सगळी चौकी घड्याळ लावून माझ्याकडे बघत बसली. सिस्टर उठल्या, माझी नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि दर दहा मिनिटांनी आकडा सांगत राहिल्या, हवालदार लिहीत राहिले. तास झाला, दीड तास झाला. मला काही झालं नाही, आतडी मात्र अशी ताठ झाली की मला दोन दिवस खाली बसताना कॉलरसारखं वाटत होतं. शेवटी चौकीचे मोठे साहेब आले, म्हणाले खळच दिसते, आणि पुरावाही उरला नाही, सोडा बाईंना. सरकारी प्रयोगशाळेला जे काम दोन महिन्यांत होत नाही ते तुझ्या भाच्याच्या पोटाने दीड तासात करून दाखवलं, आत्या! मला पेपरात येण्यापेक्षा याचा जास्त अभिमान वाटतो.

साहेबांना वाटला नाही. त्यांनी माझ्यावर दोन कलमं लावली, खोटा पुरावा तयार करणे आणि तोच पुरावा नष्ट करणे. (एकच पुडी करण्याबद्दलही शिक्षा आणि संपवण्याबद्दलही. मालक ऐकून इतके खूश झाले की पुन्हा तोंडाने बोलायला लागले.) जामिनावर आहे. कामही चालू आहे, कारण खळ माझ्याइतकी कुणाला जमत नाही.

सिस्टर मात्र चौकीबाहेर मला एकच वाक्य बोलल्या. "उद्यापासून माझे कपडे मी धुईन." हात भाजला होता तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

बाकी सर्व क्षेम. आतोबांना नमस्कार. मोठ्यांना वंदन, आणि तुमच्या मांजराला जे योग्य असेल ते.

तुझा,
पान सहावाला

ता. क. वडलांना यातलं काही कळू देऊ नकोस. कात्रण तेवढं दाखव.

ता. क. २. आता मुद्द्याचं. दवाखान्याने सिस्टरांना घरी बसवलंय. म्हणतात, पोलिसांनी नेलेली बाई आम्ही वॉर्डात कशी ठेवू, पुडी दुसऱ्याची होती असं कोर्टाचं सही-शिक्क्याचं काहीतरी आणा. चौकशी या महिन्याच्या सव्वीस तारखेला आहे, त्याआधी कागद नाही आला तर नोकरी गेली, एकवीस वर्षांची. त्या दिवसभर खिडकीत बसून असतात आणि कोट दोरीवर वाळत घातलेला असतो, रोज तोच. तो कागद फक्त माझ्या निकालातून निघतो, आणि मला तुमच्या कोर्टाने तारीख दिली आहे सात महिन्यांनंतरची. आत्या, तारखांचं टेबल तुझं आहे. तुझ्याकडे सगळे पुढची तारीख मागायला येतात, मी अलीकडची मागतोय. वकील मी घेतलेला नाही, तो उशीर करतो. उभा राहीन, "मी केलं" म्हणेन, पाच मिनिटांचं काम आहे. जी शिक्षा होईल ती होऊ दे, फक्त सव्वीसच्या आत होऊ दे, आणि नकलेवर शिक्का ठळक मारायला सांग. ही गंमत नाही. तुला पटणार नाही, म्हणून खाली मालकांची सही घेतली आहे. त्यांनी सहीखाली "आणि कडक" असंही लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

ता. क. ३. पहिला ता. क. खोडला असं समज. तारीख लागली की वडलांना घेऊनच ये. पुढच्या बाकावर बसव. मी मोठ्याने बोलणार आहे.