दोन मिशावाल्यांचे घर

मी, खाली सही करणारा, शिवणयंत्रे दुरुस्त करणारा कारागीर, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नव्हते असा एक काळ होता आणि तो बावीस वर्षे टिकला. त्याचा खुलासा कलम पाचमध्ये आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सूनबाई चहाच्या निमित्ताने दोनदा डोकावून गेली, त्याला दबाव म्हणता येणार नाही.

१. राहती जागा, म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या, मुलाला. मागच्या खिडकीची कडी मी सहा वर्षे "उद्या बसवतो" म्हणत आलो. ती आता त्याने बसवावी. माझी चालढकल त्याने आधीच घेतलेली आहे, म्हणून ती वेगळी लिहून देत नाही.

२. बँकेतील शिल्लक आणि माझ्या दिवंगत पत्नीचे पायाने चालवायचे शिवणयंत्र सूनबाईला. मुलाला शिल्लक का नाही, असे कोणी विचारले तर तो स्वतःच हसेल. यंत्राला महिन्यातून एकदा तेल घालावे. जास्त घातल्यास कपड्यांवर डाग पडतील आणि बोल मला लागेल.

३. शेजारच्या टेलरमास्तरांनी माझी मोठी कात्री चार दिवसांसाठी नेली, त्याला अकरा वर्षे झाली. ती त्यांना बक्षीस. अट एकच: यापुढे "ही तर माझीच" असे म्हणू नये.

४. आता नातीविषयी. ही माझ्या मुलाची मुलगी, वय साडेपाच. वस्तू लावून ठेवण्याचे तिला इतके वेड आहे की घरात सगळे तिला हेडक्लार्क म्हणतात. तिला भेट काय द्यावी यावर आम्ही मोठ्या माणसांनी फार डोकेफोड केली आहे. पाचव्या वाढदिवसाला बोलणारे अस्वल आले, बाहुली आली, काठीत ओवायच्या रंगीत कड्या आल्या. कड्या तिने तीन मिनिटांत ओवल्या आणि मग संध्याकाळभर भेटींवरचे कागद लावत बसली. चुरगळल्यावर मोठा आवाज करणारे एकीकडे, हळू बोलणारे दुसरीकडे. मी जास्तीचा शहाणा. चोवीस कप्प्यांची पेटी आणली आणि कुठे काय ठेवायचे त्याचे चित्र प्रत्येक कप्प्यावर चिकटवले. तिने सगळी चित्रे पाहिली, झाकण लावले आणि माझी समजूत घातली, "छान आहे हो आजोबा. पण यात सगळं आधीच ठरलंय."

तेव्हा मला उमगले की अशा मुलाला लावलेले काही देऊ नये. पसारा द्यावा, आणि रिकामे डबे द्यावेत. म्हणून दुकानातील भिंतीचे कपाट, त्याचे चाळीस खण, त्यांतील स्क्रू, स्प्रिंगा, चाके, बॉबिन, शिवाय पत्र्याचे सगळे रिकामे डबे आणि माझे भिंग मी तिला देत आहे. सुया आणि पाती तेवढी काढून घ्यावीत. मुलाला निक्षून सांगतो, देण्याआधी कपाट आवरायला जाऊ नकोस. आणि ती कामात असताना "असं नाही, असं" म्हणू नकोस. माझ्याही ओठांवर ते आले होते, पण मी गिळले, हे माझे नशीब.

५. वडिलांनी धाग्याचा ताण मोजण्यासाठी एक पितळी काटा स्वतःच्या हाताने घडवला होता, तळहातावर मावेल एवढा. त्यांच्या मागे तो दुकानात राहिला, माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा सामाईक. बावीस वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला. त्याच महिन्यात धाकट्याने वेगळे दुकान काढण्याचा विषय काढला होता, त्यामुळे मला पुरावा लागला नाही. भर गिऱ्हाइकांसमोर मी त्याला चोर म्हणालो. तो म्हणाला, "दादा, आईशपथ, मी नाही नेला." मी म्हणालो, "मग काय त्याला पाय फुटले?" त्याने रस्त्यापलीकडे, अगदी समोर, दुकान थाटले. तेव्हापासून आम्ही सकाळी एकाच वेळी शटर उघडतो आणि एकमेकांकडे पाहत नाही. समोर जाणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सांगत आलो, सामान मोजून द्या.

गेल्या महिन्यात एका दुपारी नात कपाटापुढे बसून एकेक खण उपसत होती. स्क्रूंच्या खणातून एक स्क्रू, स्प्रिंगांतून एक स्प्रिंग, आकड्यांतून एक आकडी, असे वेचत तिने सात तुकडे माझ्या टेबलावर आणून मांडले. मी विचारले, "हे काय गं?" ती म्हणाली, "हे एका घरातले आहेत. सगळ्यांना दोन मिशा आहेत. तुम्ही त्यांना वेगळं वेगळं का ठेवलंत?"

मी भिंग लावले. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर दोन बारीक तिरप्या रेघा होत्या. स्वतः घडवलेल्या प्रत्येक भागावर वडील ती खूण करत असत.

मग सगळे आठवले. तेल घालायला काटा मीच खोलला होता. तेवढ्यात पत्नीला दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला. ती परत आली नाही. बऱ्याच दिवसांनी दुकान उघडले तेव्हा टेबलावर सुटे भाग पडले होते, आणि मी हाताच्या सवयीने आवरले: स्क्रू स्क्रूंत, स्प्रिंग स्प्रिंगांत. माझ्या टेबलावर कधी पसारा नसतो, याचा मला गर्व होता.

मी तुकडे जोडले, धागा अडकवून ओढला, आणि काटा हलला. नातीने टाळी वाजवली. मला मात्र तिच्याकडे नुसते पाहत राहावेसे वाटले. चाळीस खण मी आयुष्यभर हाताळले आणि मला दिसले नाही, ते या एवढ्याशा मुलीला जमिनीवर फतकल मारून बसल्या बसल्या दिसले. हे डोळे कोणी दिले तिला? मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

सदर काटा मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. तसेच येथे लिहून देतो की त्याने तो कधीही चोरला नव्हता. मी खोटे बोललो, बावीस वर्षे, आणि लोकांनी ते खरे मानले.

६. कलम पाचमधील दुरुस्ती. साक्षीदार दोन लागतात. पहिले कोपऱ्यावरचे औषधवाले. दुसऱ्यासाठी आज सकाळी हा कागद आणि तो काटा घेऊन मी रस्ता ओलांडला. रस्ता वीस पावलांचा, तरी नातीचे बोट धरले होते. धाकट्याने कागद उभ्यानेच वाचला. कलम पाच दोनदा वाचले. मग विचारले, "वस्तू पण घ्यायची आणि सही पण करायची, असं चालतं का?" मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दोन्हींपैकी एक ठरवा."

धाकट्याने काटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मिशांवरून अंगठा फिरवला. मग तो नातीच्या हातात ठेवून म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे." आणि मला म्हणाला, "दादा, मी चोरला नव्हता असं लिहिलंयस ना? मला त्याच्याखाली सही करायचीय."

सबब काटा नातीला. तो कुठे ठेवायचा ते ती ठरवेल. बाकी ते वाक्य आहे तसेच राहील, त्यातला एक शब्दही कोणी बदलू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे.

लिहून देणारा: सही

साक्षीदार एक: औषधविक्रेते, सही

साक्षीदार दोन: लिहून देणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, सही

तारीख: १९ मार्च, गुरुवार, सकाळी अकरा

ठिकाण: धाकट्याचे दुकान. मी येथे आज पहिल्यांदा बसलो.