नाव पुसलेला हत्ती

प्रिय वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (मनातल्या मनात. खरोखर वाकले तर मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरातली दोन्ही सध्या बाळामागे धावताहेत). तुमची कंबर कशी आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंत की पाऊस येणार का ते ती आधी सांगते. माझे गुडघेही सांगतात, पण खोटं सांगतात. अक्षर लावून वाचा. चारच इयत्ता शिकले, त्यातली एक दोनदा.

पत्राचं कारण म्हणजे पणती! नात बाळाला घेऊन पंधरा दिवसांसाठी आली आहे. काय सांगू, हुबेहूब तुमच्या दादांचं नाक. मूठभर तोंड आणि त्यावर एवढं नाक. (नात म्हणते, बदलेल. मी म्हणते, खबरदार बदललं तर.) आणि झोपेची खोडही आमच्या घरचीच. माझा मुलगा हत्तीच्या घरघरीवर झोपायचा, त्याची मुलगी, म्हणजे ही नातही, त्याच घरघरीवर झोपली. हत्ती म्हणजे आपला व्हॅक्युम क्लीनर हो. ते दुकान कायमचं बंद होत होतं तेव्हा दादांनी उरलेले शेवटचे दोन उचलले, एक बायकोला, एक बहिणीला. तर आल्या दिवशी पणती टिपेला पोचली होती, मी हत्तीचं बटण दाबलं मात्र, किंकाळी अर्ध्यावर थांबली आणि डोळे मिटले. मला इतका आनंद झाला की मीच रडायला लागले.

चौथ्या दिवशी हत्तीच्या पोटात ठिणग्या उडाल्या आणि तो जो बसला तो बसलाच. तेव्हापासून बाळ झोपत नाही, नात झोपत नाही, नातीच्या डोळ्यांखाली काजळ घातल्यासारखं झालंय. सुनेने धावत जाऊन नवा क्लीनर आणला. तो इतका सभ्य, की चालू आहेस का बाबा, असं वाकून विचारावं लागतं. (वाकण्याचं वर लिहिलंच आहे.) बाळाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दुप्पट आवाज काढला.

मग मिस्त्री आला. हा पंखे, मिक्सर सगळं करतो, तोंडात सतत स्क्रू धरून बोलतो. त्याने हत्तीच्या दोन्ही कुशींतली बुचं काढली आणि म्हणाला, "आजी, कार्बन गेले." कार्बन म्हणजे खडूच्या तुकड्याएवढे दोन काळे ठोकळे, ते मोटरला दोन बाजूंनी टेकून वीज पोचवतात. "कंपनी सांगा, नंबर सांगा, शोधून आणतो." पाटी बघायला गेलो तर पाटी कोरी! तुम्हाला माझा हात माहीत आहे, पितळ दिसलं की थांबत नाही. पन्नासावर वर्षं दर आठवड्याला ती पितळी पाटी मी राखेने घासली, नाव-गाव-नंबर सगळं उजळून टाकलं. एक गोल तेवढा उरलाय. नात म्हणते ते अक्षर आहे, मिस्त्री म्हणतो शून्य आहे. मला तो ओळखीचा वाटला, गणिताच्या पेपरावर मास्तर मला असाच काढून द्यायचे.

मग नातीने हत्तीचे फोटो फोनवर टाकले. जुन्या यंत्रांचे वेडे असतात म्हणे, त्यांची मंडळी आहे. एकाने चाकांवरून छातीठोकपणे कंपनी सांगितली. (चाकं मुलाच्या बाबागाडीची.) दुसरा म्हणाला, छे, ही फुलाफुलांची धूळपिशवी फक्त एकाच दुर्मिळ मॉडेलला असायची. (ती माझ्या स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याची, शिवण माझी.) तिसऱ्याने मुठीवरून साल काढलं. मूठ तुमच्या दादांच्या छत्रीची! आता ते तिघं एकमेकांची अक्कल काढताहेत आणि चौथा म्हणतो, मला विकत द्या. मी नातीला म्हटलं, त्याला सांग, घरातलं माणूस विकत नसतात.

तर वन्सं, तुमचा हत्ती माळ्यावर आहे ना? त्याची पाटी वाचून नाव आणि नंबर कळवा. तुम्हाला घासायची खोड नाही (चांगल्या अर्थाने म्हणते), तेव्हा अक्षरं शाबूत असतील. "दादाने चांगला स्वतःला ठेवला आणि मला मेलेला दिला" हे तुमचं नेहमीचं वाक्यही सोबत लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
वहिनी

ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मिस्त्री आला. कुठल्याशा दुसऱ्या मोटरचे कार्बन कानशीने घासून त्याने बरोब्बर बसवले. हत्ती उठला! बाळ झोपलं, तिची आई झोपली, मिस्त्रीलाही जांभई आली. नंबर नको आता.

ता.क. दुसरा. खरं तर पत्र फाडायला हवं होतं. पण फाडलं तर पुन्हा धीर होणार नाही. ही नात तान्ही होती तेव्हाही माझे कार्बन गेले होते. दुकान कधीच बंद झालेलं. मी तुमच्या नव्या घरी राहायला आले (जुन्या घरी वीज नव्हती, तुमचा हत्ती तोवर खोक्यातच), तुम्ही भाजी आणायला गेलात, आणि मी सुरीने बुचं उघडून तुमचे कार्बन काढले, माझे झिजलेले त्यात घातले. तुमचा हत्ती मेलेला नव्हता हो. घरी आल्यावर माझा पहिल्या बटणाला सुरू झाला. दादांनी माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं आणि साबण आणून दिला. पुढे तुम्ही दर भेटीत टोमणा मारलात, आणि ते हसून म्हणायचे, "असेल बाई, माझंच निवडताना चुकलं."

ता.क. तिसरा. मिस्त्रीकडून दोन जोड्या घासून घेतल्या. दुसरी जोडी या पाकिटात आहे, तुमची आहे. बसवून घ्या, बटण दाबा, आणि घरघर ऐकू आली की दादांच्या फोटोला एकदा सांगा, तुझी निवड बरोबर होती. मला जे काय बोलायचं ते इथे येऊन बोला. फक्त जरा मोठ्याने बोला, हत्ती चालू असतो.