गॅस काढलाय म्हणालास

१९ मे

प्रिय दादा,

नमस्कार. आईचं बीपी ठीक आहे. वहिनी आणि पिल्लू मजेत असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

माझा हात बरा आहे, असं मी सगळ्यांना सांगते. तू विचारलं नाहीस, तरी तुलाही सांगते.

मंगळवारी दातांच्या दवाखान्यातलं एसीचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून आले. डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "मागच्यासारखं काही होणार नाही ना? तुमचे भाऊ म्हणत होते, तुम्हाला फार घाई असते."

घाई. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एसीचं बाहेरचं यंत्र गच्चीवर, म्हणून तिथली किल्ली मागायला खाली गेले. वॉचमनकाका म्हणाले, "त्या दिवशीही तुम्हीच नेली होती. आदल्या दिवशी तर इकडे कुणी फिरकलंच नाही."

आदल्या दिवशी तू मला म्हणाला होतास, "गॅस सगळा सिलिंडरमध्ये काढून घेतलाय. तू फक्त व्हॉल्व्ह बदल." म्हणजे तू जिना चढलाच नव्हतास. दुसऱ्या दिवशी मी नट सैल केला आणि भरलेल्या लाइनमधला गॅस फस्सकन डाव्या हातावर आला. हातमोजा कातडीला चिकटला. डॉक्टर म्हणाले, इतक्या गार गॅसनेही माणूस भाजतो. मला वाटलं, तुझ्याकडून थोडा गॅस काढायचा राहून गेला असेल. आईला सांगितलं, गरम पाइप लागला. मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि तू गिऱ्हाइकाला माझी घाई सांगत फिरतोस.

या वेळी कुणाच्या शब्दावर गेले नाही. मेन स्विच पाडला, लाइनमधला दाब दाखवणारा गेज लावला, मशीनने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला. काटा शून्यावर येऊन तिथेच थांबेपर्यंत पान्याला हात लावला नाही. नवा व्हॉल्व्ह बसवून गळती बघायला नायट्रोजन भरला, जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. मग पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. अख्खी दुपार गेली. बाईंची खोली गार झाली.

हे सगळं तूच शिकवलंस मला. "आधी गेज, मग पाना," हेही तुझंच. म्हणूनच राग आवरत नाही.

आणि एक गोष्ट लिहायची टाळत होते. त्या दिवशी गेज माझ्या पिशवीत होता. तू म्हणालास म्हणून मी लावला नाही. एवढी चूक माझी. ती मी आईला सांगणार आहे. तुझी तू सांग.

दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. बटणं आई लावून देते आणि काही विचारत नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारपासून मी दुसरीकडे कामाला जाते आहे. माझी हत्यारं तुझ्या दुकानातून उचलली आहेत. रविवारी घरी ये. जेवायला नको, बोलायला ये.

तुझी, अजून तरी,
छोटी