मेणखडूंचे एकवीस मोदक

१७ ऑगस्ट, रविवार
सातवीत चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, "नम्रता, हात चांगला आहे तुझा, पण..." पुढचं आठवत नाही. महत्त्वाचं नसावं.
आज लेकीच्या, शेफालीच्या, कपाटात तिचे लहानपणचे मेणखडू सापडले. डबाभर, सगळे मोडके. वितळवून, साच्यात ओतून नवे करायचे. गणपतीत सोसायटीत स्टॉल. आम्ही दोघी मिळून. एक तारखेला ती अहमदाबादला हॉस्टेलवर जाते, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. हा पर्यावरणाचा प्रश्न आहे.

१८ ऑगस्ट
शेफालीला सांगितलं. म्हणाली, "आई, मी अठरा वर्षांची आहे." आणि दार लावून घेतलं. आत विचार करत असेल.
ग्रुपवर आवाहन टाकलं: जुने खडू द्या.

२० ऑगस्ट
उदंड प्रतिसाद. खडू अकरा. शिवाय वाळलेली स्केचपेनं, वाढदिवसाच्या मेणबत्त्या, एक चप्पल. चेअरमन दत्तप्रसादकाका जिन्यात म्हणाले, "रद्दीवाल्याने आपल्याकडे शाखा काढलेली दिसते." कौतुक करायची प्रत्येकाची पद्धत असते.

२३ ऑगस्ट, दुपार
खडूंचे कागद सोलण्यात तीन तास. नखं हिरवी. शेफाली पाणी प्यायला आली, तेव्हा एक जांभळा तिच्यापुढे सरकवला. तिने उभ्याउभ्या सोलला. अख्खा. मग फोन आला. सहभाग सुरू झाला म्हणायचा.

२४ ऑगस्ट
सासूबाई नणंदेकडे विश्रांतवाडीला, म्हणून त्यांचा मोदकाचा साचा घेतला. व्हिडिओत रंग वेगवेगळे वितळवतात. मी वेळ वाचवला, एकच पातेलं. इंद्रधनुष्य अपेक्षित होतं. तपकिरी झालं. तपकिरी सध्या चालतो. एकवीस मोदक फ्रिजमध्ये.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
सासूबाई सकाळीच परतल्या. मी खाली स्टॉलचा बोर्ड चिकटवत होते. त्यांनी फ्रिजमधले मोदक चॉकलेटचे समजून सोसायटीच्या आरतीच्या ताटात ठेवले. पहिला दत्तप्रसादकाकांना. ते बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "नम्रताताई, साखर बेताचीच घातलीत."
खडूंच्या डब्यावर नॉन-टॉक्सिक लिहिलंय. मी वाचलं. नंतर.
शेफाली हसत सुटली. मला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्रकल्प यशस्वी.

२८ ऑगस्ट
नोटीस: यापुढे प्रसाद कमिटीला दाखवूनच. माझं नाव नाही. गरजही नव्हती. स्टॉल रद्द.
संध्याकाळी शेफालीने विचारलं, तिचा खडूंचा डबा कुठे आहे. हॉस्टेलवर न्यायचा होता. मी म्हटलं, अगं, मोडके होते सगळे. म्हणाली, "माझे होते." ओरडली असती तर बरं झालं असतं.
विचारणार होते मी तिला. दार बंद होतं.

३० ऑगस्ट
साचा तीनदा उकळला. सासूबाईंनी तरी नवा आणायला सांगितला. उरलेल्या मोदकाने कागदावर रेघ ओढून पाहिली. उमटत नाही. मेणबत्त्या जास्त पडल्या असाव्यात.
शेफालीची बॅग भरून झाली. सोडायला कोणी यायचं नाही, असं तिने बाबांना सांगितलं. मला वेगळं सांगितलं नाही, म्हणजे मी त्यात धरलेली नसेन, असं दुपारपर्यंत वाटत होतं.
ती नाहीच म्हणणार आहे, तरी चिठ्ठी लिहिली आहे, दाराखालून सरकवते:
शेफाली, स्टेशनपर्यंत रिक्षात तुझ्या शेजारी बसू का? सल्ले देणार नाही.